नागपूरहून छिंदवाडा: सव्वाशे किलोमीटरवर नेमकं काय बदलतं?

प्रश्न असा आहे: नागपूरच्या एका गृहस्थांची बँकेतून छिंदवाड्याला बदली झाली आहे. सोबत पत्नी आणि आठवी पास झालेली मुलगी. घरात सगळ्यांना हिंदी येते, अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. मग रोजच्या वागण्यात असं काय वेगळं असणार, आणि निघण्याआधी काय तयारी करावी?

अडचण 'हिंदी येते' इथेच सुरू होते. चेन्नईला जाणारा माणूस पहिल्या दिवसापासून विचारून-विचारून पाऊल टाकतो. छिंदवाड्याला जाणाऱ्याला विचारायची गरजच वाटत नाही.

आधी सीमा कुठे आहे ते बघा. सावनेर, केळवद मागे टाकलं की सातनूरजवळ राज्य बदलतं, पण बोली बदलत नाही. सौंसरच्या बाजारात मराठी ऐकू येते, जामसावळीच्या मारुतीला नागपूरचीच गर्दी असते, बागा त्याच संत्र्याच्या, काटोल-नरखेडकडून आलेल्या पट्ट्यातल्या. माणसं बदललेली जाणवतात ती सिल्लेवानी घाट चढून वर गेल्यावर. म्हणून सौंसर किंवा पांढुर्ण्यात बदली झालेल्याला कागदपत्रांचाच त्रास होतो, छिंदवाड्यात राहणाऱ्याला कागद आणि बोलणं दोन्हींचा. (सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके २०२३ पासून छिंदवाडा जिल्ह्यात नाहीत, पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आहे. जुने पत्ते आणि जुने फॉर्म अजून छिंदवाडाच सांगतात, तेव्हा कोणत्या कार्यालयात जायचं ते आधी विचारून घ्या.)

हा सगळा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे नागपूरकराच्या तोंडी आधीच तिकडचे शब्द आहेत: तलाठ्याला पटवारी, बटाट्याला आलू, शेंगदाण्याला फल्ली. पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा तुम्हाला सोपं जाईल. मात्र नागपुरी हिंदी ही मराठीच्या साच्यात ओतलेली हिंदी आहे, आणि तो साचा घाटावर उघडा पडतो.

सगळ्यात जास्त खटकणारी चूक 'तुम'ची. मराठीत 'तुम्ही' आदराचं, म्हणून आपण सहज 'तुम' म्हणतो: 'चाचाजी, तुम बैठो.' नागपुरात यात कुणाला काही वाटत नाही. छिंदवाडा, सिवनी, जबलपूरकडे 'तुम' हे बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठी. वडीलधारे, घरमालक, ग्राहक, पहिल्यांदा भेटलेला माणूस, सगळ्यांना 'आप', आणि क्रियापदही 'बैठिए, लीजिए, बताइए'. 'आप बैठो' हे अर्धवट रूप चालून जातं, पण बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याने तेही टाळावं. 'मेरेको-तेरेको' ऐकून लोक हसतील, दुखावणार नाहीत. 'बे' मात्र सीमेवरच ठेवून जा. नागपुरात 'काय बे' ही दोस्ती, तिकडे अनोळखी माणसाला 'क्यों बे' म्हणजे भांडणाला सुरुवात.

नात्यांचे शब्द जसेच्या तसे उचलले तरी घोटाळा होतो. आपली 'ताई' म्हणजे थोरली बहीण, हिंदीत 'ताई' म्हणजे ताऊची बायको, मोठी काकू. पंचविशीतल्या सहकारी मुलीला 'ताई' म्हटलं की ती चमकणार, तिला 'दीदी' म्हणा किंवा नावापुढे 'जी' लावा. आपला 'दादा' थोरला भाऊ, तिकडे 'दादा' म्हणजे आजोबा, नाहीतर गल्लीतला गुंड. भावाला 'भैया'. शाळेतल्या शिक्षिकेला आपण 'बाई' म्हणतो, तिकडे 'बाई' म्हटलं की धुणंभांडी करणारी डोळ्यांसमोर येते. मुलीला 'मैडम' किंवा 'दीदी' हे शब्द शाळा सुरू होण्याआधीच सवयीचे करून द्या. पत्रिकेतल्या 'श्रीमती'चाही अर्थ वेगळा. आपल्याकडे कित्येक घरांत अजून 'सौ.' सवाष्णीला आणि 'श्रीमती' विधवेला लावतात. हिंदीत 'श्रीमती' म्हणजे सरळ विवाहिता. तुमच्या पत्नीच्या नावामागे कुणी 'श्रीमती' लिहिलं तर सासूबाईंना आधीच समजावून ठेवा.

पाया पडण्याचे नियम तर जवळजवळ उलटे आहेत. मराठी घरात लहान तो वाकतो, मुलगा असो की मुलगी, आणि भाचा मामाच्या पाया पडतो. घाटापलीकडच्या बऱ्याच हिंदी घरांत मुलगी, भाचा-भाची आणि जावई पूज्य मानतात. तिथे मामाच भाच्याच्या पाया पडतो, भाचा कितीही लहान असला तरी. तुमची मुलगी सवयीने घरमालकिणीपुढे वाकली की त्या मधेच तिचे हात धरून 'नहीं बेटा' म्हणतील. हे आशीर्वाद नाकारणं नव्हे. नमस्कार करून 'नमस्ते आंटी' म्हटलं की झालं. याच धाग्यातला दुसरा मुद्दा मामाच्या मुलीचा. विदर्भातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, त्यावर थट्टाही चालते. हिंदी घरात ती 'ममेरी बहन', म्हणजे सख्ख्या बहिणीसारखी. ऑफिसच्या डब्याच्या वेळी हा विनोद करू नका. समोरचे हसणार नाहीत, आणि का हसले नाहीत हेही सांगणार नाहीत.

आता कचेरीचे शब्द. इथे नुसता गैरसमज होत नाही, चकराही वाढतात. कारण तोच शब्द दोन्ही भाषांत आहे आणि अर्थ निराळा आहे. आपल्याला 'दाखला' हवा असतो. हिंदीत 'दाखिला' म्हणजे प्रवेश. शाळेत जाऊन 'दाखिला चाहिए' म्हटलं तर हातात प्रवेशाचा फॉर्म येईल. शाळा सोडल्याचा दाखला तिकडे 'टीसी', बाकीचे दाखले 'प्रमाण पत्र'. 'तक्रार' करायला जाऊन 'तकरार करनी है' म्हणालात तर अर्थ होतो 'भांडायचं आहे'. शब्द आहे 'शिकायत'. आपली 'हरकत' म्हणजे आक्षेप, हिंदी 'हरकत' म्हणजे चाळे, आणि आक्षेपाला तिकडे 'आपत्ति' म्हणतात, जी आपल्याकडे पूर-भूकंपाला म्हणतात. वर्तमानपत्रात 'आपत्ति आमंत्रित' अशी जाहीर सूचना दिसली तर घाबरू नका, हरकती मागवल्या आहेत. 'सूचना' म्हणजे माहिती, म्हणून माहितीचा अधिकार तिकडे 'सूचना का अधिकार'. 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती: 'नाम में संशोधन' हा नावातल्या चुका दुरुस्त करायचा अर्ज आहे. अर्ज म्हणजे 'आवेदन'. 'टीका' म्हणजे लस. आणि 'शिक्षा विभाग' कुणाला शिक्षा करत नाही, हे तर पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं, तरी पहिल्यांदा पाटी वाचताना डोळा अडखळतोच.

मध्य प्रदेशात पाऊल ठेवल्यावर पहिल्या आठवड्यात ऐकू येणारा शब्द म्हणजे 'समग्र'. महाराष्ट्रात याला जोड नाही. प्रत्येक कुटुंबाला ८ अंकी आणि कुटुंबातल्या प्रत्येकाला ९ अंकी समग्र आयडी असतो. शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती, शिधापत्रिका, राज्याच्या योजना, सगळीकडे तो मागतात. शहरात नगर निगमकडून, गावात पंचायतीकडून होतो आणि आधारशी जुळवून ई-केवायसी करावं लागतं. अडतो तो तिथेच, आणि कारण बहुतेक वेळा नाव. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी सलग तीन पदं लिहितो. तिकडे नाव आणि आडनाव एका रकान्यात, 'पिता/पति का नाम' दुसऱ्या. आधारवर तीन पदं असतील तर नावाच्या रकान्यात तीनही तशीच भरा. ऑपरेटर 'बीच का नाम हटा दूँ?' म्हणेल, हटवू देऊ नका. दुसरी गोष्ट 'ळ'. हिंदीच्या रोजच्या लेखनात हे अक्षर नाही, त्यामुळे काळे 'काले' होतात आणि ढोबळे 'ढोबले'. देवनागरीतला हा बदल टाळता येत नाही. इंग्रजी स्पेलिंग आधारप्रमाणे अक्षरन् अक्षर ठेवलं तर तो नडतही नाही. तिसरी 'ऋ'ची: आपण ऋषी, कृष्णा हे 'रु' म्हणून उच्चारतो आणि इंग्रजीतही 'यू' घालतो, हिंदी टायपिस्ट कानाने 'रि' ऐकतो आणि 'आय' घालतो. पावती हातात पडली की खुर्चीतून उठण्याआधी वाचा.

मुलीच्या शाळेबद्दल. नागपुरातून निघतानाच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकारी कार्यालयाची प्रतिस्वाक्षरी घ्या, कारण दुसऱ्या राज्यातली शाळा ती मागू शकते, आणि नुसत्या सहीसाठी परत येणं म्हणजे एक रजा. यूडायस या शाळांच्या सरकारी नोंदणीतला तिचा पेन क्रमांकही (विद्यार्थ्याचा कायमचा शिक्षण क्रमांक) लिहून आणा. मध्य प्रदेश मंडळाच्या शाळेत घातलं तर मराठी विषय सुटतो, हिंदी मुख्य भाषा होते आणि तिसरी भाषा बहुतेक ठिकाणी संस्कृत. हिंदी बोलणारी मराठी मुलं लिहिताना ठरावीक जागी मार्क घालवतात. मराठीत शब्दाच्या शेवटी दीर्घ वेलांटी द्यायची सवय: कवी, शक्ती, स्थिती. हिंदीत कवि, शक्ति, स्थिति. मग चंद्रबिंदू (हाँ, माँ, पाँच), नुक्ते (सड़क, पढ़ना), पूर्णविरामाऐवजी उभा दंड. उच्चारात 'ज्ञ' चा 'ग्य' होतो, 'पैसा'तला 'पै' हा 'पॅ'कडे झुकतो. सुट्टीत रोज एक पान शुद्धलेखन, एवढं पहिल्या चाचणीपर्यंत पुरतं. केंद्रीय मंडळाची शाळा मिळाली तर बदल्यांच्या नोकरीत तेच सोयीचं, हे माझं स्पष्ट मत.

पंचांगातला फरक तिथे राहायला गेल्याशिवाय लक्षात येत नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच असतं. वद्य पक्षात त्यांचं नाव एक महिना पुढे. सण त्याच दिवशी येतो, नाव बदलतं: आपली श्रावण वद्य अष्टमी त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, जन्माष्टमी एकच. आपली महाशिवरात्र माघात, त्यांची फाल्गुनात, दिवस एकच. मात्र महिनाभर पाळायच्या व्रतांत खरोखर पंधरा दिवसांचा फरक पडतो. २०२५ साली त्यांचा सावन ११ जुलैला लागला आणि ९ ऑगस्टला राखीबरोबर संपला. आपला श्रावण २५ जुलैला सुरू होऊन पोळ्याच्या अमावास्येपर्यंत चालला. म्हणजे आपल्या आषाढातच तिकडे सोमवारचे उपास आणि कावडयात्रा चालू होतात. आखाड पार्टीचं आमंत्रण नेमकं त्याच पंधरवड्यात देऊ नका. आणि राखीनंतर तिकडचे शेजारी मोकळे झालेले असताना तुमचा श्रावण अजून निम्मा उरलेला असेल, तेव्हा 'हमारा सावन बाकी है' हे एका वाक्यात सांगता यायला हवं.

वटसावित्रीचं तर दिवसासकट वेगळं आहे. आपली ज्येष्ठ पौर्णिमेला, हिंदी बायकांची ज्येष्ठ अमावास्येला, म्हणजे एरवी पंधरा दिवस आधी. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे त्यांची १६ मे रोजी आणि आपली २९ जूनला, मधे दीड महिना. वडाखाली एकट्याच पोचलात तर हे कारण. घरातल्या श्राद्धाची तिथी तिकडच्या पंडितजींना सांगताना वद्यातली असेल तर 'अमांत' (अमावास्येला संपणारा महिना) हा शब्द उच्चारून सांगा, नाहीतर एक महिन्याचा गोंधळ होतो. पत्रिकेतला 'बदी' म्हणजे वद्य, 'सुदी' म्हणजे शुद्ध. संवत विक्रम असतो. आपल्या शकात १३५ मिळवा, चैत्र पाडव्यापासून हिशोब जुळतो.

पोळा दोन्हीकडे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत (पुतळ्यांची मिरवणूक) निघते आणि पांढुर्ण्यात जांब नदीवर गोटमार होते, पांढुर्णा आणि सावरगाव अशा दोन काठांवरून दगडफेक. त्या दिवशी पांढुर्ण्यावरून जाणारा रस्त्याचा बेत करू नका.

खाण्यापिण्यात तुम्हाला फार झगडावं लागणार नाही. पोहे मिळतील, तर्री मिळेलच असं नाही, सोबत जिलेबी असते. फोडणीला 'तड़का' किंवा 'बघार'. भाजीवालीला 'सांभार' मागू नका, कोथिंबिरीचा हा शब्द आपला. 'हरा धनिया' म्हणा. 'भाजी' म्हटलं की तिकडे पालेभाजी, बाकी सगळी 'सब्ज़ी'. छिंदवाडा मक्याचा जिल्हा आहे, पावसाळ्यात भुट्टे स्वस्त आणि चांगले.

गाडीचा विषय लोक टाळत राहतात. 'दर शनिवारी नागपूरला येतोच ना' हा युक्तिवाद पोलिसापुढे चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. क्रम असा: आधी थकलेले ई-चालान भरा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतिपत्र घ्या. मग नागपूरच्या तुमच्या आरटीओत (३१, ४९ किंवा ग्रामीणचा ४०, जिथली नोंद असेल तिथे) फॉर्म २८ चेसिस नंबरच्या पेन्सिल-छापेसह द्या, ना-हरकत मिळेल. त्यावर कोणत्या आरटीओला गाडी जाणार ते लिहिलेलं असतं. छिंदवाड्याऐवजी दुसरं काही पडलं तर पुन्हा नागपूर. छिंदवाड्यात फॉर्म २७, तिथला कर, मग एमपी-२८ क्रमांक आणि नवी सुरक्षा पाटी. विमा आणि फास्टॅगवर नवा क्रमांक चढवा. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण नवं आरसी हातात आल्यावरच, म्हणून मूळ पावती सांभाळा. वर्षाच्या आत परत बदली होण्याची शक्यता असेल तर ना-हरकतची घाई करू नका. नवीच गाडी घ्यायची असेल तर बीएच ('भारत') क्रमांकाच्या मालिकेला तुम्ही पात्र आहात का ते बँकेत विचारा, ती बदलीवाल्यांसाठीच २०२१ मध्ये आली.

छिंदवाड्यात गेलेला नागपूरकर वर्षभरात प्लॉट नाहीतर शेत बघायला लागतो, तेव्हा तेही. तिकडे सातबारा नाही, खसरा (जमिनीच्या तुकड्याची नोंद) आणि बी-१ (खातेदाराची नोंद) आहे. नागपूरच्या ले-आउटच्या जाहिरातीत 'मौजा, ख. क्र., प.ह.नं.' (खसरा क्रमांक, पटवारी हलका नंबर) वाचायची सवय असल्याने तुम्हाला ते परकं वाटणार नाही. फेरफार म्हणजे 'नामांतरण', मोजणी म्हणजे 'सीमांकन', एनए म्हणजे 'डायवर्सन', विक्रीपत्र म्हणजे 'रजिस्ट्री'. माप डिसमिलमध्ये सांगतात: एकराचे गुंठे ४०, डिसमिल १००, म्हणजे एक गुंठा अडीच डिसमिल, एक डिसमिल ४३५.६ चौरस फूट. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, मध्य प्रदेशात तशी अट नाही, आणि लोक याच मोहाने घाई करतात. तामिया, जुन्नारदेव, हर्रई, बिछुआ हा आदिवासी पट्टा आहे. तिथली आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकण्यावर भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ ची बंदी आहे. स्वस्त मिळते म्हणून इसार देऊ नका, आधी खसऱ्यावरचं खातेदाराचं नाव आणि त्याची जात तपासा.

तक्रारीसाठी तिकडे १८१ ही सीएम हेल्पलाइन आहे आणि मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. आपल्या लोकशाही दिनासारखी, पण दर आठवड्याला. सेतू केंद्राऐवजी 'लोक सेवा केंद्र' विचारा.

उरलेल्या दोन-तीन गोष्टी थोडक्यात. एसटीतली महिलांची आणि ज्येष्ठांची सवलत महाराष्ट्राच्या सीमेपर्यंतच आहे, पुढचं भाडं पूर्ण. मध्य प्रदेशाचं सरकारी बस महामंडळ केव्हाच बंद पडलं, तिकडच्या गाड्या खासगी आहेत आणि भरल्याशिवाय निघत नाहीत, म्हणून वेळ गाठायची असेल तर इतवारीहून रेल्वे बघा. आई-वडील नागपुरातच राहणार असतील तर त्यांची शिधापत्रिका हलवू नका, महात्मा फुले आरोग्य योजना महाराष्ट्राच्या शिधापत्रिकेवर मिळते. आयुष्मान कार्ड मात्र दोन्हीकडे चालतं. आणि येताना तिकडच्या दुकानातली बाटली डिकीत टाकून आणू नका. परराज्यातली दारू सीमेच्या अलीकडे आणणं हा महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, बाटली एकच असली आणि पावती खिशात असली तरी.